दंड : दोन शिलिंग

माझ्या हातून भट्टी एकदाच विझली.
म्हाताऱ्याचा श्वास थांबत जातो तशी विझली,
शुक्रवारी रात्रीपासून रविवारी दुपारपर्यंत.
ग्रिझेलला कळा लागल्या होत्या
आणि सुईण लीथ बंदराच्या पार पलीकडे राहायची.

सोमवारी आलो तर मुशीत काच नव्हती.
हिरव्या बाटल्यांसाठी वितळवलेला अख्खा घाणा
फत्तर होऊन बसला होता :
राखाडी, खरबरीत, कुठूनच आरपार न दिसणारा.
फोडला, तर आत बारीक सुया एकमेकींत अडकलेल्या,
जानेवारीत खिडकीवर उगवतात तशा.
मुकादम पर्डी म्हणाला,
"काचेचा धोंडा करणारा तू पहिलाच."
दोन शिलिंग कापले.
ढेकळं मागच्या उकिरड्यावर गेली.
मुलगी झाली होती. पर्डीला ते सांगायचं राहूनच गेलं.

त्याच हिवाळ्यात शहरात विद्वान भांडत होते.
मला कळलं खानावळीत, जिथे सगळंच कळतं.
एक पक्ष म्हणे, आधी नुसतं पाणी होतं,
डोंगरांच्या डोक्यावरून जाणारा एकच समुद्र,
त्याच्या तळाशी साका बसत गेला, थरावर थर,
आणि तोच हा कातळ, शहरामागचा काळा कडासुद्धा.
दुसरा म्हणे, विस्तव. पृथ्वीच्या पोटातला.
कडा खालून आला रसरसत
आणि थरांच्या फटीत घुसला,
गरम पावात लोणी मुरावं तसा.
पिंपं बांधणारा रोरी म्हणाला,
"दोघांनाही जेवण वेळेवर मिळतंय, एवढं नक्की."

पाणीवाल्यांचे प्रोफेसर लिडल.
ओठ पातळ, पण माणूस वाईट नव्हता.
आमचीच बाटली टेबलावर ठेवून म्हणाले,
"आगीतून निघालेली वस्तू अशी दिसते.
कडा वितळलेला असता तर काच झाला असता.
आहे का चकचकीत?"
सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं,
जणू कडाच उत्तर देणार होता.

मी गप्प.
उकिरड्याची गोष्ट काढायची
तर दोन शिलिंगांची काढावी लागली असती,
मग शुक्रवारची,
मग मुलीची,
जी अकरा दिवस होती.

मार्चमध्ये आगवाल्यांचे डॉक्टर ऑक्टरलोनी
रेशमी मोजे घालून आमच्या उकिरड्यात उतरले.
रोरीच बोलला असणार.
गुडघ्यापर्यंत राख, हातात माझं ढेकूळ,
आणि विचारलं, "थंड व्हायला किती वेळ लागला?"
तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं.
का विझली, एवढंच विचारत होते सगळे.
म्हटलं, दोन रात्री. आणि दीड दिवस.

मग आम्ही तेच ढेकूळ पुन्हा वितळवलं.
झटकन बाहेर काढलं : काच.
पुन्हा वितळवलं, आच थोडी थोडी उतरवत नेली,
मी जागा राहिलो, या वेळी पगारी : दगड.
डॉक्टर लहान पोरासारखे हसले.
त्यांच्या कागदात मी "एक कामगार" आहे.
लिडलनी ढेकूळ उलटंपालटं केलं, हुंगलंसुद्धा,
आणि म्हणाले, "भट्टी म्हणजे काही डोंगर नाही."
मला तेही पटलं.

दोन शिलिंग परत मिळाले नाहीत.

रविवारी प्रार्थनेनंतर ग्रिझेल पुढे निघून जाते,
मी कड्यापाशी थांबतो.
तळहात टेकवतो. गार असतो, जुलैतही.
एका मुशीला दोन रात्री लागतात,
याला किती लागल्या असतील याचा हिशेब माझ्याच्याने होत नाही.
मनात येतं ते वेगळंच :
तेव्हा भट्टीवर कुणीतरी असेलच ना,
तो ती तशीच सोडून
कुणाच्या उशाशी जाऊन बसला होता?